वाचकांचे प्रश्न : नामावलीत न मावलेले

गेल्या महिन्यात या सदरात जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीविषयी लिहिताना ‘छोट्या भूमिका करणाऱ्यांची नावे देण्याची त्या काळी पद्धतच नव्हती’ असे एक ढोबळ विधान मी करून बसलो. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पहिल्याच पत्राने माझे विधान खोडून काढले आहे, तेव्हा सुरुवात चूक कबूल करण्यापासूनच करावी लागेल.

प्रश्न : आपण म्हणता तशी पद्धतच नव्हती, तर ‘कासाब्लांका’च्या (१९४२) सुरुवातीच्या नामावलीत खिसेकापूचे काम करणाऱ्याचेही नाव कसे आहे? आणि ते आहे, तर रूले या चाकावरच्या जुगाराच्या टेबलावर चेंडू फिरवणाऱ्या माणसाचे का नाही? त्याच्यावाचून कथेतला एक नाजूक प्रसंग उभाच राहत नाही. ही निवड कोण करत असे आणि कोणत्या हिशेबाने?
— एक निवृत्त ग्रंथपाल, नाशिक

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि उदाहरणही आपण नेमके शोधले आहे. ‘कासाब्लांका’च्या नामावलीत चौदा कलाकारांची नावे आहेत. हम्फ्री बोगार्ट, इन्ग्रिड बर्गमन आणि पॉल हेन्रीड हे तिघे अग्रभागी, त्यांच्यामागे क्लॉड रेन्स, कॉनराड फाइट, सिडनी ग्रीनस्ट्रीट व पीटर लॉरी हे चौघे, आणि मग आणखी सात जण. त्या सातांत खिसेकापू झालेला कुर्ट बॉइस आहे आणि पियानोवाला सॅम झालेला डूली विल्सनही आहे. छोट्या भूमिकेला नाव द्यावे ही कल्पना हा चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओला सुचलीच नव्हती, असे आता मला म्हणता येणार नाही.

तो रूलेचा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणू या. महायुद्धाच्या काळात बल्गेरियातून पळून आलेले एक तरुण जोडपे मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात अडकले आहे. देश सोडण्याच्या परवान्यासाठी पैसे नाहीत, म्हणून नवरा उरलीसुरली रक्कम कॅफेमालक रिकच्या (बोगार्टच्या) जुगारात लावतो आहे, आणि बायको त्याहून वाईट किंमत मोजण्याच्या विचारात आहे. रिक त्या मुलाच्या मागे येऊन उभा राहतो आणि आज बावीस लावून पाहिलेत का, असे सहज विचारतो. त्याचा रोख मात्र टेबलावरच्या माणसाकडे असतो. बावीस येतो. पैसे तिथेच राहू द्या, असे रिक सांगतो. पुन्हा बावीस येतो. हा सगळा प्रसंग चेंडू फिरवणाऱ्या एमिलच्या चेहऱ्यावर तोललेला आहे, कारण मालकाचा इशारा त्याला पोचला हे प्रेक्षकाला कळले पाहिजे आणि टेबलाभोवतीच्या गिऱ्हाइकांना कळता कामा नये. नंतर रिक त्याला आजचा हिशेब विचारतो, तेव्हा ‘वाटले होते त्यापेक्षा दोनेक हजार कमी’ अशा अर्थाचे उत्तर तो ज्या सुरात देतो, तो सूर कसलेल्या नटाखेरीज कोणाला लागणार नाही.

तो नट म्हणजे मार्सेल दालियो. फ्रेंच दिग्दर्शक झां रेन्वार यांचे ‘ला ग्रांद इल्युझियों’ (१९३७) आणि ‘ला रेगल द्यू झ्यू’ (१९३९) ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा माणूस कोण होता हे सांगायला नको. फ्रान्समध्ये प्रमुख भूमिका करणारा हा ज्यू नट १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसला पोहोचण्याआधी तिथून निघाला आणि लिस्बनला आला. तिथे मिळवलेले चिलीचे व्हिसा खोटे निघाल्यामुळे मेक्सिकोत अडकला आणि बऱ्याच खटपटीनंतर हॉलिवूडला पोहोचला. परवान्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसांच्या या चित्रपटात, स्वतः व्हिसापायी फसवला गेलेला माणूस निनावी राहिला आहे. त्याच्याबरोबर हा प्रवास केलेली त्याची पत्नी मादलेन लबो हिने रिकने झिडकारलेल्या इव्होनचे काम केले. तिचे नाव चौदांत आहे.

त्या बल्गेरियन जोडप्याचीही तीच गत. बायकोचे काम केलेल्या जॉय पेजचे नाव नामावलीत आहे, नवऱ्याचे काम केलेल्या हेल्मुट डान्टिनचे नाही. जॉय पेज ही स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर यांची सावत्र मुलगी होती. केवळ त्यामुळे तिला नाव मिळाले असे मी म्हणणार नाही, कारण रिकसमोरचा तिचा प्रसंग तिने उत्तम केला आहे आणि तिची भूमिकाही नवऱ्यापेक्षा मोठी आहे. पण एकाच टेबलाशी बसलेल्या तिघांपैकी एकीचे नाव यावे आणि दोघांचे गळावे, यात कामाचा निकष शोधू गेल्यास हाती फार काही लागत नाही. ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचे राष्ट्रगीत गायले जाते त्या प्रसंगात गिटार घेऊन गाणारी कोरिना म्युरा कॅमेऱ्यासमोर अगदी जवळून दिसते. तिचेही नाव नाही.

निवड स्टुडिओ करत असे, आणि ती करतानाच त्याचे हात बऱ्याच अंशी बांधलेले असत. नाव कोणत्या क्रमाने, केवढ्या अक्षरात, शीर्षकाआधी की नंतर, एकट्याचे की चौघांत, हे सारे नटाच्या करारात लिहिलेले असे आणि त्यावर दलाल व वकील भांडत. त्या अटी पुऱ्या झाल्यावर जी जागा उरे ती स्टुडिओच्या मर्जीची. थोड्या दिवसांच्या बोलीवर आलेल्या नटाच्या कागदात नावाची अट सहसा नसेच. नामावलीत करारच पडद्यावर उतरत, काम कोणी किती केले याची नोंद ठेवणे हा तिचा हेतू नव्हता.

खर्चाचे कारण बरेचदा पुढे केले जाते, म्हणून तेही तपासून पाहू. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. बारा नावांची एक पाटी पाच सेकंद ठेवली तर साडेसात फूट फिल्म लागते. शंभर प्रती काढल्या तरी ७५० फूट, म्हणजे हजार फुटांचे एक रीळसुद्धा भरत नाही. ज्या स्टुडिओत एकेका दृश्यासाठी याहून अधिक फिल्म कापून टाकली जात असे, त्याला हे परवडत नव्हते असे मानणे कठीण आहे.

‘काळच तसा होता’ ही माझी गेल्या महिन्यातली सबब आणखी एका कारणाने टिकत नाही. त्याच काळात रंगभूमीवर वेगळी रीत होती आणि हॉलिवूडचे अर्धे नट तिथूनच आले होते. आपल्याकडे छापील नाटकाचे पुस्तक उघडले की पहिल्या प्रयोगाची तारीख, नाट्यगृह आणि प्रत्येक पात्रासमोर कलाकाराचे नाव दिसते. त्यात दोन वाक्यांसाठी येणारा गडी असतो, तार घेऊन येणारा पोस्टमनही असतो. तेव्हा छोट्या भूमिकेलाही नाव द्यायचे असते हे ठाऊक होते, फक्त चित्रपटाच्या धंद्याने ते आपल्यावर बंधनकारक मानले नाही. ज्यांच्यामागे भांडायला कोणी नव्हते त्यांना त्याची झळ अधिक लागली. बटरफ्लाय मॅक्वीन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचे ‘गॉन विथ द विंड’मधील (१९३९) काम जगभर गाजले होते. त्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या ‘मिल्ड्रेड पिअर्स’मध्ये (१९४५) ती नायिकेच्या घरातील मोलकरीण लॉटी म्हणून अनेक प्रसंगांत बोलते, हसवते, वावरते, आणि नामावलीत तिचे नाव नाही. तिला कोणी ओळखत नव्हते, हे कारण तिच्या बाबतीत तर देताच येत नाही.

प्रश्न : ‘फ्रँकेनस्टाईन’च्या (१९३१) सुरुवातीला राक्षसाच्या भूमिकेपुढे केवळ प्रश्नचिन्ह आहे. हा बोरिस कार्लोफवर अन्याय होता की जाहिरातीची युक्ती? आणि नटसंचाला न्याय देणारी एखादी नामावली आपल्या पाहण्यात आहे का?
— चित्रपटकलेची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : युक्तीच होती, आणि ती लपवूनही ठेवली नव्हती. चित्रपट संपल्यावर युनिव्हर्सल स्टुडिओच्या त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ‘चांगला नटसंच पुन्हा सांगण्याजोगा असतो’ अशा अर्थाची ओळ येते आणि त्याखालच्या यादीत राक्षसासमोर कार्लोफचे नाव स्पष्ट दिलेले आहे. पुढे ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाईन’मध्ये (१९३५) राक्षसाच्या जोडीदारणीसाठी पुन्हा तेच प्रश्नचिन्ह वापरले. ती भूमिका करणाऱ्या एल्सा लँचेस्टरचे नाव मात्र त्याच चित्रपटातील मेरी शेली या मूळ कादंबरीच्या लेखिकेच्या भूमिकेसाठी दिलेले होतेच. मला ‘चांगला नटसंच’ ही शेवटची ओळ मनापासून आवडते. प्रेक्षक उठण्याच्या गडबडीत असताना नावे पुन्हा सांगावीशी वाटणे, आणि यावेळी चेहरे ओळखीचे झालेले असताना सांगणे, यात नटाचा मान आहे.

नटसंचाला न्याय म्हणाल तर ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’चा (१९४१) शेवट पाहावा. यातील बहुतेक प्रमुख कलाकार पडद्याला नवे आहेत आणि मर्क्युरी थिएटर या वेल्स यांच्या नाटकमंडळीला त्यांची ओळख करून देताना अभिमान वाटतो, असे तेथे सांगितले आहे. मग एकेकाचा हलता चेहरा आणि त्याखाली नाव येते. दिग्दर्शकाने आपले नाव छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांच्याबरोबर एकाच पाटीवर ठेवले. एवढे सगळे करूनही वर्तुळाबाहेर काही माणसे राहिलीच. शेवटच्या भागात वावरणाऱ्या वार्ताहरांपैकी एकाचे काम ॲलन लॅडने केले होते. त्याचे नाव नाही, आणि पुढच्याच वर्षी ‘धिस गन फॉर हायर’ने तो तारा झाला.

याच्या उलट टोकाला ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) आहे. मंचकिन या ठेंगण्या लोकांच्या भूमिका सव्वाशेच्या आसपास कलाकारांनी केल्या. नामावलीत त्या सर्वांच्या वतीने एका मेळ्याचे नाव आले. ते नाव मेळा चालवणाऱ्या लिओ सिंगरचे होते आणि त्याला जोडलेला कलाकारांविषयीचा शब्द आज अवमानकारक मानला जातो. काम सव्वाशे जणांनी केले आणि नाव माणसे पुरवणाऱ्याचे झाले. आपल्याकडच्या ‘सप्लायर’ या शब्दाची येथे आठवण व्हावी. नामवंतांच्या नावाचे तारे बसवलेल्या हॉलिवूडच्या पदपथावर मंचकिनांच्या नावाचा तारा बसवला गेला तो २००७ मध्ये, आणि तोवर त्यांतील मोजकेच कलाकार हयात होते.

न्याय सहसा मागणाऱ्याच्या ताकदीप्रमाणे मिळतो, याचे एक मासलेवाईक उदाहरण देऊन हा विषय सोडतो. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (१९८०) दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांचे नाव सुरुवातीला न देता शेवटी दिले, एवढ्यासाठी दिग्दर्शकांच्या संघटनेने निर्माते जॉर्ज लुकास यांना दंड केला. त्यांनी तो भरला आणि संघटना सोडली. नाव होते, फक्त जागा चुकली होती, तरी दंड झाला. अमेरिकेतील नटांची संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली होती, पण नऊ वर्षांनी आलेल्या ‘कासाब्लांका’त दालियोचे नाव पडद्यावर आणण्याइतके बळ तिच्याकडे नव्हते.

आपल्या पत्राच्या ताज्या कलमात पार्श्वगायकांचाही उल्लेख आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने एवढेच सांगतो की ‘महल’च्या (१९४९) ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातील पात्राचे, कामिनीचे, नाव छापले होते. लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांच्या चौकशीमुळे पुढे आले.

प्रश्न : क्षमा करा, पण या चर्चेत मला अतिरेक वाटतो. हल्ली नामावली आठ-दहा मिनिटे चालते आणि ती कोणी वाचत नाही. उद्या गर्दीत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचे नाव द्या म्हणतील. रेघ कुठे ओढायची?
— सनदी लेखापाल, पुणे

उत्तर : आपला प्रश्न हिशेबी माणसाचा आहे, म्हणून उत्तरही आकड्यांनी सुरू करतो. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’मधील (१९८२) अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे मूळ अंत्ययात्रेला तेहेतीस वर्षे झाली त्या दिवशी, दिल्लीत चित्रित झाले. तीन लाखांहून अधिक माणसे त्यात होती. त्यांतील ९४,५६० जणांना थोडेफार मानधन मिळाले, उरलेली स्वखुशीने आली. अकरा कॅमेरे त्यासाठी लावले होते आणि चित्रपटात हे दृश्य सव्वादोन मिनिटेही टिकत नाही. प्रत्येक नावाला एक सेकंद द्यायचा म्हटले तर नामावली त्र्याऐंशी तास चालेल. तेव्हा रेघ ओढावी लागते, हे मी आनंदाने मान्य करतो.

पण त्याच चित्रपटाने ती कुठे ओढली तेही पाहण्यासारखे आहे. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी आणि गोखले झालेले श्रीराम लागू यांची नावे तर आहेतच, परंतु एखाद-दुसऱ्या प्रसंगापुरत्या आलेल्या कितीतरी कलाकारांची नावेही शेवटच्या यादीत भूमिकेसह दिलेली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यावर गांधींना अडवणाऱ्या टवाळ पोरांपैकी एकाचे काम डॅनियल डे-लुइस या तेव्हा अनोळखी असलेल्या तरुणाने केले होते. त्याचे नाव आहे. आज ते शोधायला कोणाला पुरातत्त्वज्ञ व्हावे लागत नाही.

माझ्या मते रेघ संवादावर ओढू नये, कारण संवाद ही फसवी खूण आहे. ज्याला दिग्दर्शकाने एक ठरावीक काम नेमून दिले आणि ज्याच्या जागी दुसरा उभा केला तर प्रसंग बदलेल, त्याचे नाव द्यावे. एमिल बहुतेक वेळ गप्पच असतो, तरी तो गर्दीतला नाही. उलट दंगलीच्या दृश्यात ‘मारा, पकडा’ असे ओरडणाऱ्या पन्नास जणांना संवाद असूनही भूमिका नाही. त्यांची नावे पडद्यावर नसली तरी चालेल, हजेरीपटावर आणि पगाराच्या वहीत मात्र असली पाहिजेत. बेस फ्लॉवर्स नावाची अभिनेत्री हॉलिवूडच्या शेकडो चित्रपटांत मेजवानीतली, नाटकगृहातली, न्यायालयातली सुवेष बाई म्हणून दिसते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळालेल्या पाच चित्रपटांत ती आहे, बहुतेक ठिकाणी निनावी. तिच्या प्रत्येक मेजवानीची नोंद पडद्यावर हवी होती असे मलाही म्हणवत नाही. आज तिची यादी करता येते, कारण तिला ओळखणारे आणि टिपून ठेवणारे लोक होते. बाकीच्यांना तेही लाभले नाही.

कोणी वाचत नाही, हे खरे. जमिनीचा सातबारा तरी रोज कोण वाचतो? वाद निघाला, वारस आला, की तोच काढून पाहावा लागतो. नामावलीचेही तसेच आहे, आणि म्हणून तिच्यात नावाबरोबर भूमिका लिहिणे मी फार महत्त्वाचे मानतो. आपल्या जुन्या हिंदी व मराठी चित्रपटांत एका पाटीवर दहा-बारा नावे एकगठ्ठा येत, त्यांतला कोतवाल कोण आणि सावकार कोण हे समकालीन प्रेक्षकाला ठाऊक असे, नातवाला नसते. ‘शोले’तला (१९७५) सांबा ‘पूरे पचास हज़ार’ एवढेच म्हणतो आणि देशभर ओळखला जातो. त्या मॅक मोहनला किंवा कालिया झालेल्या आपल्या विजू खोटे यांना हा धोका नव्हता. पण त्याच चित्रपटात बसंतीच्या टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनी यांच्या जागी जीव धोक्यात घालणाऱ्या रेश्मा पठाण यांची कहाणी सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला त्यांच्यावरचा ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट २०१९ मध्ये यावा लागला.

प्रश्न : जुने चित्रपट हल्ली स्वच्छ करून नव्याने प्रदर्शित होतात. त्याच वेळी नामावलीत राहिलेली नावे घालून टाकली तर अन्याय दूर होणार नाही का?
— गृहिणी, बेळगाव

उत्तर : मूळ पाट्यांना हात लावू नये. १९४२ मध्ये कोणाला वगळले होते, हेही त्या पाट्याच सांगतात, आणि त्यात भर घातली की तो पुरावाच पुसला जातो. ‘समाप्त’ झाल्यानंतर वेगळ्या अक्षरात, भर घातल्याचे वर्ष देऊन, नवी पाटी जोडायला माझी काहीच हरकत नाही. आजच्या चित्रपटसूचींत दालियोच्या नावासमोर ‘नामावलीत उल्लेख नाही’ अशी टीप असते. ती मला योग्य वाटते, कारण तिच्यात नावही मिळते आणि ते गाळल्याची नोंदही राहते.

प्रश्न : माझे थोरले चुलते १९५० नंतरच्या दशकात कोल्हापूरच्या एका स्टुडिओत ऐतिहासिक चित्रपटांसाठी मावळा, पहारेकरी, भालदार म्हणून उभे राहत. एकदा त्यांना ‘महाराज, खलिता आला आहे’ असा संवादही मिळाला होता आणि तो ते मरेपर्यंत आम्हांला म्हणून दाखवीत. नामावलीत त्यांचे नाव कुठेच नाही. घरात एक छायाचित्र आहे, त्यात सात-आठ जण वेषात उभे आहेत. त्यांचे नाव कुठेतरी लागावे असे आम्हां भावंडांना वाटते. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या महिन्यातले हे पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. आपल्या चुलत्यांना खलित्याचा संवाद मिळाला, म्हणजे वरच्या उत्तरात ओढलेल्या रेघेच्या ते आतल्या बाजूला आहेत. महाराजांच्या हाती खलिता देणारा माणूस अडखळला असता तर पुढचा प्रसंग पुन्हा घ्यावा लागला असता.

प्रथम चित्रपट निश्चित करावा. घरच्या आठवणीत दोन-तीन चित्रपट एकमेकांत मिसळलेले असतात, कारण तोच दरबार, तेच अंगरखे आणि तीच माणसे पुढच्या चित्रपटात पुन्हा वापरलेली असत. जयप्रभा किंवा शालिनी या कोल्हापुरातल्या स्टुडिओंच्या नावांचा उल्लेख घरात कधी झाला होता का, दिग्दर्शकाला चुलते काय म्हणून हाक मारीत, चित्रीकरण पावसाळ्याआधी झाले की नंतर, अशा बारक्या गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांना विचाराव्यात. वर्ष विचारू नये. वर्ष कोणालाच आठवत नाही, पण त्या सुमारास कोणाचे लग्न झाले, कोण जन्माला आले, हे बायकांना बिनचूक आठवते आणि त्यावरून वर्ष काढता येते.

चित्रपट सापडला की त्याची चोपडी शोधावी. चित्रपटगृहाच्या दारात विकल्या जाणाऱ्या त्या पातळ पुस्तिकेत कथासार, गाणी आणि कलाकारांची यादी असे. जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे आणि संग्राहकांकडे त्या अजून मिळतात. पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तेथे अशा पुस्तिका, भित्तिपत्रके आणि चित्रीकरणाची स्थिरचित्रे जपलेली आहेत. पत्र लिहून, चित्रपटाचे नाव आणि अंदाजे वर्ष देऊन चौकशी करावी. स्थिरचित्रांना मी अधिक महत्त्व देईन, कारण चोपडीत आपल्या चुलत्यांचे नाव सापडण्याची आशा थोडी आहे, पण दरबाराच्या एखाद्या स्थिरचित्रात त्यांचा चेहरा सापडू शकतो. हिंदी चित्रपटांच्या बाबतीत कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी दशकवार गीतकोश रचून अशा पुस्तिकांतील माहिती एकत्र आणली, त्यामुळे अभ्यासकांचे काम पुष्कळ हलके झाले आहे. मराठीसाठी अजून पायपीट करावी लागते.

चित्रपटाची प्रत पाहायला मिळाली तर तो प्रसंग सुरुवातीपासून किती मिनिटांनी येतो ते टिपून घ्यावे. पडद्यावरचा चेहरा पाहून ‘हेच काका’ असे आपण म्हणाल, त्यावर माझा विश्वास बसेल, परंतु सूचीकाराचा बसू नये आणि तो दोष त्याचा नाही. दाढी, मंदिल आणि काजळ यांनी चेहरे फार सारखे होतात. इंटरनेटवरच्या याद्यांत अशा चुका ढिगाने आहेत, आणि एकदा चुकीचे नाव लागले की खऱ्या माणसाची जागा कायमची जाते. म्हणून घराबाहेरचा एक तरी साक्षीदार शोधावा. आपल्या छायाचित्रात उभे असलेल्या इतर सहा-सात जणांची घरे कोल्हापुरातच असतील. चुलते ज्या तालमीत किंवा पेठेत वावरत, तिथे ते छायाचित्र घेऊन जावे. एखाद्या घरी त्याचीच दुसरी प्रत निघाली आणि तिच्या पाठीमागे काही लिहिलेले असले, तर आपले काम झालेच म्हणून समजा. निघाली नाही तरी त्या घरांना आपापल्या माणसाचे नाव कळेल, आणि आपल्या एका नावासाठी केलेल्या खटपटीत सात नावे लागतील.

हे सर्व होईपर्यंत एक काम आजच करावे. छायाचित्राची चांगली प्रतिमा काढून घ्यावी. मग डावीकडून उजवीकडे ज्यांची ओळख पटते त्यांची पूर्ण नावे, चित्रपटाचे नाव, भूमिका, तो संवाद, आणि ही माहिती कोणी कोणत्या तारखेला सांगितली, हे एका कागदावर लिहून छायाचित्राबरोबर पाकिटात ठेवावे. ज्यांची ओळख पटत नाही त्यांच्या जागी अंदाजाने नाव घालू नये, जागा कोरी सोडावी. छायाचित्राच्या पाठीवर लिहायचेच असेल तर शाई किंवा बॉलपेन वापरू नये, ती पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे.